डाव्या बाजूचे शब्द

सांगलीच्या हळद बाजारातील एका जुन्या पेढीवर परदेशी खरेदीदार यायचे होते. पेढीचा कारभार आता मुलगा पाहतो, निर्यातीचा पत्रव्यवहार पुण्यात शिकून आलेल्या नातवाकडे असतो. तरी पाहुणे आले त्या वेळी गादीवर आजोबाच बसलेले होते. त्यांनी उठून पाहुण्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, "व्हॉट इज युवर गुड नेम?" असे विचारले, मुलेबाळे किती याची आपुलकीने चौकशी केली आणि एक हळकुंड मोडून आतला रंग दाखवला. पाहुण्यांनी माल पाहिला, चहा घेतला आणि ते निघून गेले.

गाडी वळणाआड गेल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, फार ऑकवर्ड झालं हो."

आजोबांनी चष्मा पुसत विचारले, "ऑकवर्ड म्हणजे नेमकं काय रे?"

नातवाने थोडा विचार केला. "म्हणजे... ऑकवर्ड. आता कसं सांगू?"

आजोबा पुढे काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून पाहुणे येणार असले की ते आतल्या खोलीत जाऊन बसू लागले. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते आणि कोणी त्यांना बाहेर बोलावलेही नाही.

असे प्रसंग आज अनेक व्यापारी घरांत घडतात. शब्द कधी 'ऑकवर्ड' असतो, कधी 'क्रिन्ज', कधी आणखी काही. शब्द उच्चारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो; परंतु ऐकणाऱ्याच्या मनात तो रुतून बसतो. म्हणून नातवाला न देता आलेल्या उत्तराचा शोध घेणे उपयुक्त ठरेल. इंग्रजीत अवघडलेपणासाठी, वेंधळेपणासाठी आणि सफाईच्या अभावासाठी शब्दांचे मोठे भांडार आहे. यांतील बहुतेक शब्दांची जन्मकुंडली पाहिली तर एक आश्चर्याची गोष्ट ध्यानात येते. आज ज्या शब्दांनी माणसाला नावे ठेवली जातात, त्यांतील फार थोडे मुळात माणसाच्या दोषासाठी घडले होते.

'ऑकवर्ड' याच शब्दापासून आरंभ करावा. जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत 'उलट्या दिशेला वळलेला' अशा अर्थाचा एक शब्द होता. त्यावरून इंग्रजीत 'ऑक' आला आणि त्याला दिशादर्शक 'वर्ड' हा प्रत्यय जोडला गेला. हाच प्रत्यय 'फॉरवर्ड' आणि 'बॅकवर्ड' या शब्दांत आहे. म्हणजे 'ऑकवर्ड' हा प्रथम केवळ दिशा सांगणारा शब्द होता: उलट्या बाजूला, नेहमीच्या दिशेच्या विरुद्ध. इंग्लंडमधील चर्चच्या घंटा नेहमीच्या क्रमाने न वाजवता उलट्या क्रमाने वाजवल्या, की गावकऱ्यांनी आग लागली असे समजावे, असा प्रघात होता. अशा उलट्या घंटानादालाही हाच 'ऑक' शब्द लावला जाई. त्यात घंटेचा दोष नव्हता की वाजवणाऱ्याचाही नव्हता. पुढे दिशेचा अर्थ मागे पडला आणि 'हाताळायला अडचणीचे' व 'वागण्यात अवघडलेला' हे अर्थ रूढ झाले.

'क्लम्झी' या शब्दाची कथा तर अधिकच हृद्य आहे. त्याचे मूळ 'थंडीने बधिर झालेला' असे आहे. उत्तर युरोपातील हिवाळ्यात हात गारठले म्हणजे गाठ सुटत नाही, बंद लागत नाही, हातातील वस्तू निसटते. त्या बधिर हातांचे वर्णन करणारा शब्द पुढे उबदार खोलीत बसलेल्या धांदरट माणसालाही चिकटला. १६०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजी साहित्यात नवा होता. जॉन मार्स्टन या नाटककाराने तो हिवाळ्याच्या वर्णनासाठी योजला. त्याचा प्रतिस्पर्धी बेन जॉन्सन याला मार्स्टनचे असले शब्द मुळीच रुचत नसत. १६०१ साली रंगभूमीवर आलेल्या 'पोएटॅस्टर' या नाटकात जॉन्सनने मार्स्टनची थट्टा करण्यासाठी एक पात्र उभे केले, त्याला औषधाची गोळी दिली आणि रंगमंचावरच एकेक कुरूप शब्द ओकायला लावला. त्या ओकलेल्या शब्दांत 'क्लम्झी' होता. विशेष असे, की त्याच यादीत 'रेसिप्रोकल', 'डिफंक्ट', 'स्प्युरियस', 'कॉन्शस' आणि 'स्ट्रेन्युअस' हेही शब्द होते. आज हे शब्द वापरताना कोणाही इंग्रजी लेखकाला संकोच वाटत नाही. बंद पडलेल्या कंपनीला 'डिफंक्ट' आणि परस्पर कराराला 'रेसिप्रोकल' म्हणणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटला कल्पनाही नसेल, की हे शब्द एके काळी ओकून टाकण्याजोगे मानले गेले होते. ज्याला एक पिढी गबाळेपणा म्हणते, त्यावर दुसरी पिढी सहीशिक्का उमटवते.

यानंतर येतात ते हाताचे शब्द. 'गोश' हा शब्द इंग्रजांनी अठराव्या शतकात फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंचमध्ये त्याचा साधा अर्थ 'डावा'. समाजात कसे वागावे हे न कळणाऱ्याला इंग्रजी माणूस 'गोश' म्हणू लागला. याउलट 'अड्रॉइट' म्हणजे कुशल. फ्रेंचमध्ये त्याचा मूळ अर्थ 'सरळपणे, योग्य बाजूने'. त्याला 'वाईट रीतीने' या अर्थाचा उपसर्ग लावला की 'मॅलड्रॉइट' होतो, म्हणजे प्रसंग नीट हाताळता न येणारा. लॅटिनमध्ये उजवा तो 'डेक्स्टर'. त्यावरून हस्तकौशल्याचा 'डेक्स्टरस'. डावा तो 'सिनिस्टर', आणि इंग्रजीत या शब्दाचा अर्थ थेट 'अशुभ, कपटी' असा झाला.

येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. लॅटिन 'डेक्स्टर' आणि संस्कृत 'दक्षिण' हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. प्राकृतातील 'दक्खिण' वरून 'दख्खन' झाले आणि इंग्रजांनी त्याचे 'डेक्कन' केले. म्हणजे 'डेक्स्टरस' म्हणवणारा इंग्रज आणि दख्खनचा व्यापारी हे शब्दांच्या नात्याने एकमेकांचे भाऊबंद ठरतात. शिष्ट वर्तनाला मराठीत 'दाक्षिण्य' म्हणतात, तेही याच उजव्या हाताचे देणे. आपला 'उजवा' हा शब्द संस्कृत 'ऋजु', प्राकृत 'उज्जु', म्हणजे सरळ, या शब्दावरून आला. आणि इंग्रजी 'राइट' ची पाळेमुळेही 'सरळ' या अर्थाच्या त्याच प्राचीन धातूपर्यंत जातात. हजारो मैल अंतरावरच्या दोन्ही समाजांनी उजव्याला सरळ आणि शिष्ट मानले, तर डाव्याच्या वाट्याला कमीपणा आला. मराठीत एखादी वस्तू दुसरीपेक्षा 'डावी' ठरते ती कमी प्रतीची म्हणून. परंतु डावखुऱ्या मुलाने असा कोणता अपराध केलेला असतो? बहुसंख्यांचा हात उजवा, म्हणून कात्रीची धार, वहीचा समास आणि देवाणघेवाणीची रीत ही सारी उजव्या हाताच्या सोयीची झाली. त्या सोयीत जो बसला नाही, तो वेंधळा ठरला.

व्यापारी घराला हे पटण्यासाठी दूर जायला नको. आपल्याच जुन्या वह्या उघडाव्यात. देशी नामा पद्धतीच्या कीर्दीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे लिहिण्याची रीत होती. इंग्रजी द्विनोंदी पद्धतीच्या खात्यात डावीकडे डेबिट, म्हणजे नावे, आणि उजवीकडे क्रेडिट, म्हणजे जमा. एकच रक्कम, एकच व्यवहार. पण दोन पद्धतींत ती समोरासमोरच्या बाजूंना बसते. देशी वहीवर वाढलेल्या मुनीमाला इंग्रजी खाते प्रथम उलटे दिसले असणार आणि इंग्रज हिशेबनिसाला आपली कीर्द 'ऑकवर्ड' वाटली असणार. तरीही दोन्हीकडची बेरीज जुळते. उलटेपणा वहीत नव्हता. तो पाहणाऱ्याच्या सवयीत होता.

शब्दांचा तिसरा गट आहे तो परक्यांचा आणि खेडुतांचा. 'अनकूथ' हा आज कठोर शब्द आहे; असंस्कृत, रासवट असा त्याचा अर्थ. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ केवळ 'अज्ञात, अनोळखी' असा होता. जाणणे या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून आपला 'ज्ञा' आला, त्याचाच हा वंशज. म्हणून 'अनकूथ' आणि 'अज्ञात' हे शब्द घडणीच्या दृष्टीने जवळजवळ सख्खे आहेत. अनोळखी म्हणून विचित्र, विचित्र म्हणून ओंगळ, आणि ओंगळ म्हणून असंस्कृत, अशा पायऱ्या उतरत तो आजच्या अर्थापर्यंत आला. पहिल्या पायरीवर दोष कोणाचा होता? न ओळखणाऱ्याचा. शेवटच्या पायरीवर तो कोणाच्या नावे पडला? ज्याला ओळखले गेले नाही त्याच्या. हिशेबाच्या भाषेत बोलायचे, तर ही चुकीच्या खात्यावर झालेली नोंद आहे आणि ती अद्याप दुरुस्त झालेली नाही.

'बूर' म्हणजे आज आडदांड, असभ्य माणूस. पण डच भाषेत त्याच घराण्यातला 'बोअर' म्हणजे शेतकरी. दक्षिण आफ्रिकेतील ज्या बोअर युद्धात गांधीजींनी जखमींची शुश्रूषा करणारे पथक उभारले, त्या नावातला बोअर हाच. चित्रपटामुळे घरोघरी पोचलेला 'व्हिलन' मुळात जमीनदाराच्या शेतवाडीवर राबणारा मजूर होता. शेतात राबणारा तो हलका, हलका तो नीच आणि नीच तो दुष्ट, असा त्याचा अधःपात झाला. नगरावरून 'नागर' आणि गावावरून 'गावंढळ' हे शब्द घडवणाऱ्या मराठी माणसाने इंग्रजांकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. आपल्या काव्यशास्त्रातही 'ग्राम्य' हा दोषच मानला गेला. शब्द नेहमी शहरात बसून घडवले जातात. शेतावरच्या माणसाला शहरातल्या माणसाविषयी काय वाटत होते, याची नोंद शब्दकोशात क्वचितच सापडते.

भाषेच्या चुकीला इंग्रजीत 'सॉलेसिझम' म्हणतात. हे नाव सोलाय या गावावरून पडले. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील या वसाहतीत ग्रीक बोलणारे लोक राहत. अथेन्सपासून दूर, परभाषिकांच्या शेजारात त्यांची ग्रीक भाषा बदलली. अथेन्सच्या विद्वानांना ती अशुद्ध वाटली आणि एका संपूर्ण गावाचे नाव चुकीचे नाव होऊन बसले. तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या जपली गेलेली मराठी पुण्याच्या कानाला कशी लागते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सोलायच्या लोकांची बाजू सहज समजेल.

'रूड' हा उर्मट माणसाचा शब्द लॅटिनमधील 'न घडवलेला, ओबडधोबड' या अर्थाच्या शब्दावरून आला. 'पोलाइट' हा 'घासून चकचकीत केलेला' या अर्थाच्या शब्दावरून. हिऱ्याच्या व्यवसायातील कुटुंबांना या दोन शब्दांतला भेद वेगळा सांगायला नको, कारण रफ आणि पॉलिश्ड ही त्यांची रोजची भाषा आहे. रफ हिरा ओबडधोबड दिसतो म्हणून कोणी तो फेकून देत नाही. पैलू पाडताना त्याचे वजन किती घटते हेही ते जाणतात. गोल घाटाच्या हिऱ्यात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक वजन जाते. झळाळी मिळते ती काहीतरी गमावून. माणसाच्या बाबतीत काय गमावले याचा तोल कोणी करत नाही, इतकेच.

आणि ज्या गुणाच्या अभावाची एवढी चर्चा, तो 'एलिगन्स' तरी मुळात काय होता? लॅटिनमधील 'निवडणे' या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस याने नोंदवून ठेवले आहे, की जुन्या काळी 'एलिगन्स' ही स्तुती नसून निंदा होती. खाण्यापिण्यात व पेहरावात फार चोखंदळ आणि उधळ्या माणसाला तो शब्द लावला जाई. थोरल्या केटोने तो दुर्गुण म्हणूनच वापरला होता. जमाखर्चाला जपणाऱ्या जुन्या रोमन गृहस्थाच्या दृष्टीने एलिगंट माणूस म्हणजे घर बुडवणारा माणूस. पुढे रोम श्रीमंत झाले आणि त्याच शब्दाची गणना सद्‌गुणांत होऊ लागली.

शब्दांचे मूळ कळले म्हणजे आजचा वापर बदलतो असे मात्र नव्हे. इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्या तरुणांनी या शब्दांतले आजचे भेद नीट ओळखले पाहिजेत, कारण एका शब्दाने संबंध जुळतात किंवा तुटतात. 'ऑकवर्ड' हा शब्द व्यक्तीपेक्षा प्रसंगाला लावणे शिष्टसंमत आहे. रक्कम थकल्यामुळे आपण अडचणीच्या स्थितीत आहोत, हे सांगण्यासाठी 'ऑकवर्ड पोझिशन' हा सौम्य आणि योग्य प्रयोग आहे. परंतु 'ऑकवर्ड कस्टमर' म्हणजे अवघडलेला ग्राहक नव्हे. ज्याच्याशी व्यवहार करणे जड जाते असा हेकट माणूस, असा त्याचा अर्थ होतो. 'क्लम्झी' हा हाताच्या किंवा कृतीच्या धांदरटपणाला लावावा. हेतू चांगला होता पण रीत चुकली, असे त्यात सूचित असते. 'गोश' मध्ये अननुभवाचा भाव आहे, म्हणून तो तरुणांना अधिक लागतो. 'मॅलड्रॉइट' हा नाजूक प्रसंग बिघडवणाऱ्याला. 'अनगेनली' हा शरीराच्या ठेवणीला वा चालीला. यातला 'गेन' म्हणजे नफा नव्हे, जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतील 'सरळ, सोयीचा' या अर्थाचा तो निराळाच शब्द आहे. 'इनेप्ट' जपून वापरावा, कारण त्यात माणसाच्या पात्रतेवरच प्रश्नचिन्ह उमटते. पुरवठादाराला हा शब्द लिहिला तर पुढचे पत्र त्याच्या वकिलाकडून येण्याचा संभव असतो. 'इनएलिगंट' बहुधा वाक्याला किंवा उत्तराला लावतात: हिशेब बरोबर आला, पण खाडाखोड फार झाली. 'अनकूथ' मात्र न वापरणेच बरे. तरुणांच्या ओठांवरचा 'क्रिन्ज' हा जुन्या इंग्रजीत रणांगणात वाकून पडणाऱ्या योद्ध्यासाठी होता; आता तो दुसऱ्याचे वागणे पाहून आपणच अंग चोरतो त्या भावनेसाठी वापरला जातो. अंग चोरणारा आपण आहोत, हे त्या शब्दातच सांगितलेले आहे. विसर पडतो तो आपल्याला.

सफाईच्या हव्यासाचे काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहे. लॉर्ड चेस्टरफील्ड हे उमराव, मुत्सद्दी आणि शिष्टाचाराचे आदर्श मानले जात. त्यांना विवाहबाह्य संबंधातून झालेला फिलिप नावाचा एकुलता मुलगा होता. तो लहान असल्यापासून त्याच्या मृत्यूपर्यंत चेस्टरफील्डनी त्याला चारशेहून अधिक पत्रे लिहिली. कसे उभे राहावे, कसे बोलावे, कसे हसू नये, हात कोठे ठेवावेत, हा त्यांचा मोठा विषय होता. 'गोश' हा फ्रेंच शब्द इंग्रजी पत्रांत आणणाऱ्या आरंभीच्या लेखकांत त्यांचे नाव येते. फिलिप अभ्यासू होता, पण बुजरा राहिला. संसदेत त्याचे पहिलेच भाषण त्या बुजरेपणामुळे फसले. १७६८ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी तो वारला आणि तेव्हा वृद्ध पित्याला कळले, की मुलाने गुपचूप विवाह केला होता, त्याला दोन मुलगे होते आणि ही गोष्ट वडिलांना सांगण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते. चारशे पत्रांत मुलाच्या हातापायांची चौकशी पुरेपूर होती. मुलाने मन मोकळे करावे एवढी जागा मात्र त्यांत कोठे राहिली नसावी. चेस्टरफील्डनी नातवांच्या शिक्षणाची काळजी घेतली, मृत्युपत्रात त्यांची तरतूद केली. सुनेची केली नाही. ते १७७३ साली वारले. पुढच्याच वर्षी त्या सुनेने सारी पत्रे १५०० गिनींना प्रकाशकाला विकली आणि ती इंग्रजीतील शिष्टाचाराचे गाजलेले पुस्तक ठरली.

याच चेस्टरफील्ड यांच्याकडे आश्रयाची अपेक्षा घेऊन एक माणूस गेला होता आणि दुर्लक्षित होऊन परतला होता. तो म्हणजे सॅम्युअल जॉन्सन. हा नाटककार बेन जॉन्सन नव्हे; हा शब्दकोशकार. १७५५ साली त्याचा दोन खंडांतला, सुमारे ४२,००० शब्दांचा इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. 'ऑकवर्ड', 'क्लम्झी', 'अनकूथ' यांसारख्या शब्दांना ज्याने व्याख्या दिल्या, तो स्वतः त्या साऱ्या शब्दांचा धनी होता. लहानपणच्या गंडमाळेने त्याचा चेहरा व दृष्टी बिघडली होती, शरीर अवाढव्य होते, चेहऱ्याच्या व हातापायांच्या हालचाली त्याच्या ताब्यात नसत. १७३५ साली एका शाळेतील शिक्षकाची जागा त्याला नाकारली गेली, तीही या चेहऱ्याच्या हालचालींमुळे. ऑक्सफर्डमध्ये त्याचे फाटके जोडे पाहून कोणी दयेने त्याच्या दाराशी नवे जोडे ठेवले, तेव्हा त्याने ते रागाने फेकून दिले. पैशाअभावी पदवी न घेताच त्याला परतावे लागले.

जॉन्सनचे घर व्यापाऱ्याचे होते. वडील मायकेल हे लिचफील्डमधील पुस्तकविक्रेते. धंदा कर्जात गेला होता, तरी आसपासच्या गावांच्या बाजारांत ते पुस्तकांचा ठेला लावत. एकदा प्रकृती बरी नसल्यामुळे त्यांनी मुलाला सांगितले, की युटॉक्सिटरच्या बाजारात आज तू जाऊन ठेल्यावर बस. ऑक्सफर्डला जाऊन आलेल्या मुलाला बाजारात बसण्याची लाज वाटली आणि त्याने नकार दिला. १७३१ च्या डिसेंबरात वडील वारले.

सुमारे पन्नास वर्षांनी, साऱ्या इंग्लंडमध्ये नाव झालेला हा वृद्ध कोशकार एके दिवशी युटॉक्सिटरला गेला. बाजाराच्या दिवशी, जेथे वडिलांचा ठेला असे त्या जागी, डोक्यावर टोपी न घेता तो भर पावसात बराच वेळ उभा राहिला. लोक पाहत होते. त्याचे हातपाय नेहमीप्रमाणेच वेडेवाकडे हलत असतील. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १७८४ साली, त्याने स्वतः ही गोष्ट एका धर्मोपदेशकाला सांगितली. वडिलांची आज्ञा मोडली ती अहंकारामुळे, तिचे स्मरण दुःखदायक होते आणि त्याचे हे प्रायश्चित्त, असे त्याने सांगितले. लिचफील्डच्या बाजारचौकात १८३८ साली उभारलेल्या त्याच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर हा प्रसंग कोरलेला आहे. चेस्टरफील्ड यांच्या दृष्टीने यापेक्षा ऑकवर्ड दृश्य दुसरे नसते.

सांगलीच्या पेढीवरील आजोबांचा प्रश्न अजून उत्तरावाचून राहिला आहे. 'गुड नेम' हा प्रयोग इंग्रजांच्या तोंडी नसतो हे खरे. पण पाहुण्याला त्याचे 'शुभ नाम' विचारण्याची रीत या मातीतली आहे आणि तिच्यात आदर आहे. तो आदर आजोबांनी दुसऱ्या भाषेत नेला, तेव्हा भाषेची दिशा बदलली. आदर तेवढाच राहिला. नातवाने पाहुण्यांशी सफाईने बोलावे, पत्रे निर्दोष लिहावीत. ते त्याचे कामच आहे आणि आजोबांना त्याचा अभिमानच वाटेल. 'ऑकवर्ड म्हणजे काय' याचे उत्तर मात्र त्याने आजोबांना द्यायला हवे: दुसऱ्या दिशेला तोंड करून उभा असलेला. कोणाचे तोंड कोणीकडे होते, हे ठरवण्यासाठी त्याने आतल्या खोलीत जाऊन आजोबांसमोर बसले पाहिजे. पुढच्या खेपेला पाहुणे येतील तेव्हा गादी रिकामी नसावी.